ट्रॅकडेला जाताय? आधी गाडीचा आवाज मोजा (इंग्लंडात नवीन आलेल्या रायडर मंडळींसाठी)

मंडळी, नोकरीसाठी नाहीतर शिकायला इंग्लंडात आलात, इथे बऱ्यापैकी जुनी स्पोर्ट्स बाईक परवडते हे कळलं, घेतली, आणि आता आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकडेला, म्हणजे पैसे भरून खऱ्या रेसट्रॅकवर दिवसभर चालवायला, स्वतःची गाडी न्यायची आहे. असं असेल तर हे वाचा. गाडी कशी चालवायची ते शिकवायला तिथे इन्स्ट्रक्टर असतात, त्याबद्दल मी काही बोलत नाही. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं. गेटच्या आत गेल्यावर आणि ट्रॅकवर उतरायच्या आधी एक माणूस हातात मीटर घेऊन उभा असतो, त्याच्या पुढून पार कसं व्हायचं ते.

माझ्या पहिल्या ट्रॅकडेला मी पार झालो नव्हतो. पहाटे साडेचारला उठून, भाड्याची व्हॅन चालवत गेलो, मर्यादा १०५ डेसिबलची होती आणि माझ्या गाडीचा आकडा आला १०७.४. गाडी ज्याच्याकडून सेकंडहँड घेतली त्याने ठामपणे सांगितलं होतं की हा सायलेन्सर ट्रॅकला चालतो, आणि मी विश्वास ठेवला. मीटरवाल्याने शांतपणे विचारलं, "बॅफल आणलाय का?" बॅफल म्हणजे सायलेन्सरच्या तोंडातली आवाज दाबणारी नळी, आणि मला तोपर्यंत त्या सायलेन्सरमधून ती काढलेली आहे हेच माहीत नव्हतं. पैसे परत मिळत नाहीत, ते नियमातच लिहिलेलं असतं. दिवसभर कुंपणापाशी उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघितल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

१. मर्यादा ट्रॅकची नसते, त्या दिवसाची असते

सगळ्यात पहिला घोळ इथेच होतो. "ब्रँड्स हॅचची लिमिट किती" असं विचारून भागत नाही. ब्रँड्स हॅच, कॅडवेल पार्क, ऑल्टन पार्क, स्नेटरटन इथे बाईकच्या ट्रॅकडेला साधारण १०५ डेसिबल स्टॅटिक असते, म्हणजे गाडी उभी करून मोजलेला आवाज. डॉनिंग्टनला बऱ्याच दिवशी ती ९८ वर येते, आणि गंमत बघा, डॉनिंग्टनच्या कुंपणाला लागूनच ईस्ट मिडलँड्स विमानतळ आहे, डोक्यावरून विमानं जातात, पण तो आवाज वेगळ्या खात्यात आणि आपला वेगळ्या. त्याच ट्रॅकवर वर्षातले काही मोजके दिवस जास्त आवाजाचे, बाकीचे शांत असे ठरलेले असतात, त्यामुळे मित्र मागच्या महिन्यात जाऊन आला आणि त्याला काही त्रास झाला नाही, याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. बुकिंग करताना त्या तारखेखाली दोन आकडे शोधा, स्टॅटिक आणि ड्राइव्ह-बाय, म्हणजे धावत्या गाडीचा ट्रॅकच्या कडेला मोजलेला आवाज. एकच दिसला तर ईमेल करून दुसरा विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

अमेरिकेत बे एरियात राहणाऱ्या मंडळींनी कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकबद्दल विचारलं होतं, तिथे तर अजून कडक आहे. ९० आणि ९२ डेसिबलचे दिवस असतात आणि गाडी धावत असताना ट्रॅकच्या कडेला मोजतात. तिथे बुकिंग करताना तारखेपुढचा आकडा आधी बघा, वळणं किती भारी आहेत ते नंतर.

२. डेसिबलचं गणित समजून घ्या, नाहीतर "दोनच तर जास्त आहे" असं म्हणाल

मीही तेच म्हणालो होतो. डेसिबल हे साधी बेरीज-वजाबाकी करायचं माप नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे माझे १०७.४ हे १०५ पेक्षा "थोडेसे" नव्हते, जवळजवळ पावणेदोन पट होते. कानाला मात्र दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणूनच आपला कान इथे फसवतो. "मला तर तेवढीच वाटते" हे वाक्य मीटरपुढे चालत नाही.

अंतराचं पण ध्यानात ठेवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. अर्ध्या मीटरवर १०५ असेल तर १ मीटरवर ९९, २ वर ९३, ४ वर ८७, ८ वर ८१, १६ मीटरवर ७५. हे एका गाडीचं, तेही उभ्या. ट्रॅकवर एकसारख्या २० गाड्या एकत्र असतील तर त्यात १३ मिळवा आणि सरळ पट्ट्यावर पूर्ण पिळलेला थ्रॉटल धरा, मग कळेल की पलीकडच्या गावात रविवारी दुपारी काय ऐकू जातं.

हे एवढं कडक का, तेही सांगतो

कारण कोर्ट. डार्लिंग्टनजवळचा क्रॉफ्ट ट्रॅक शेजाऱ्यांच्या दाव्यात हरला आणि २००९ मध्ये अपील कोर्टाने आवाजाचे दिवस वर्षाला ४० वर आणले. वर्षातले फक्त चाळीस! सफोकमधल्या मिल्डनहॉलच्या स्पीडवे आणि मोटोक्रॉसवरून एक जोडपं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. त्यांनी घर २००६ मध्ये घेतलं, ट्रॅक त्याच्या कितीतरी आधीपासूनचा, पण २०१४ च्या निकालात कोर्टाने स्पष्ट सांगितलं की "आम्ही आधी आलो, तुम्ही नंतर" हा बचाव होत नाही. आणि लेस्टरच्या लोकांना जवळचा असलेला मॅलरी पार्क, तिथे २०१३ मध्ये आवाजावरून स्थानिक कौन्सिलशी वाद होऊन चालवणारी कंपनीच बसली, पुढच्या वर्षी नवीन लोकांनी हातात घेतला तेव्हा परत सुरू झाला. म्हणून तो मीटरवाला तुमच्यावर खुन्नस काढत नसतो. त्याच्या वहीतला एकेक आकडा उद्या कौन्सिलपुढे जाऊ शकतो. मला हे कळल्यावर त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्यांचा राग यायला लागला, खरंच. आपल्या एका गाडीच्या हौसेपायी सगळ्यांचा ट्रॅक जाऊ शकतो.

३. तपासणी नेमकी कशी होते

गाडी गरम करून रांगेत लावायची. नंबर आला की न्यूट्रलमध्ये उभी करायची, पाय खाली, हेल्मेट बहुतेक वेळा डोक्यावर नसतं. तो माणूस सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशाच्या कोनात, तोंडाच्याच उंचीला मीटर धरतो. काहींकडे अंतरासाठी मीटरला बांधलेली दोरी किंवा काठी असते, त्यामुळे अंतरावर वाद नको. मग तो एक आरपीएम सांगतो किंवा बोटांनी दाखवतो. चार सिलिंडर १००० सीसीला साधारण ५५००, ६०० ला ७००० च्या आसपास, मोठ्या ट्विनला (दोन सिलिंडर) ५०००. काही ठिकाणी कमाल आरपीएमच्या निम्मे किंवा पाऊण धरतात. तुम्ही सावकाश तिथपर्यंत न्यायचं, सुई दोन-तीन सेकंद स्थिर ठेवायची, तो मान हलवेल, सोडून द्यायचं. पास झालात तर गाडीवर छोटं स्टिकर. संपलं. एक मिनिटही लागत नाही.

आता यातली खरी गोम. सुई स्थिर धरणं हे न्यूट्रलमध्ये वाटतं तेवढं सोपं नाही, स्पोर्ट्स बाईक जराशा पिळीला हजार-दीड हजार वर उडते. ५५०० सांगितलं आणि तुमची ६३०० ला गेली की मीटरने वरचा आकडा पकडलाच म्हणून समजा. घरी आधी सराव करा. अंगठा आणि तर्जनीने ग्रिप धरायचा आणि बाकीची बोटं ब्रेक लिव्हरच्या बुडाशी टेकवायची, हाताला आधार मिळतो, मनगट डगमगत नाही. मी दर वेळी हेच करतो. आणि आपल्याकडच्या सवयीने झूप झूप रेस मारू नका, तिथे ते अजिबात खपत नाही.

४. घरीच मोजून जा

तुमच्या लॉगबुकमध्ये, म्हणजे इथल्या व्ही५सी कागदावर, यू.१, यू.२ आणि यू.३ असे रकाने असतात. यू.१ म्हणजे उभ्या गाडीचा आवाज, यू.२ तो किती आरपीएमला मोजला, यू.३ म्हणजे जाता जाता मोजलेला. बऱ्याच गाड्यांच्या चॅसीवर पण तसं स्टिकर असतं. कंपनीचा मूळ सायलेन्सर असेल तर हा आकडा बघून निम्मी काळजी जाते, कारण तो सहसा नव्वदीत असतो. पण ९८ च्या दिवसाला जाणार असाल आणि कागदावर ९६ असेल तर निश्चिंत राहू नका, गाडी जुनी झालेली आहे.

बाहेरचा सायलेन्सर असेल तर मोजल्याशिवाय पर्याय नाही. साधा मीटर विकत मिळतो, ए वेटिंग आणि स्लो असं सेटिंग ठेवा. मोबाईलचं ॲप फक्त तुलनेपुरतं ठीक आहे, म्हणजे बदल करण्याआधी आणि नंतर फरक किती पडला ते बघायला. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, शंभराच्या वर तो गुदमरतो आणि भलताच कमी आकडा दाखवतो. भिंतीपासून, गाड्यांपासून, गॅरेजच्या शटरपासून निदान तीन मीटर लांब मोकळ्यात मोजा, नाहीतर आवाज परतून आकडा फुगतो. टेप लावून अर्धा मीटर मोजा, अंदाजाने नको. आणि शेजाऱ्यांना आधी सांगा, संध्याकाळी सातनंतर करू नका. आमच्या शेजारच्या आजींना मी दार वाजवून सांगून येतो, त्या खिडकी लावून घेतात, काही कटकट नाही.

घरचा आकडा मर्यादेपेक्षा निदान ३ ने कमी हवा. तुमचा मीटर आणि त्यांचा कॅलिब्रेट केलेला मीटर यात एवढा फरक सहज पडतो.

५. आवाज कमी करायचे उपाय, सोप्यापासून अवघडाकडे

मूळ सायलेन्सर परत लावणे. हाच सगळ्यात चांगला उपाय आहे आणि पहिल्या ट्रॅकडेला मी प्रत्येकाला हेच सांगतो. जड असतो, दिसायला तितका भारी नसतो, पण पहिल्या दिवशी दोन-तीन किलोने तुमच्या लॅप टाइममध्ये काहीही फरक पडत नाही. जुना मालक विकताना मूळ सायलेन्सर देत असेल तर नाही म्हणू नका, गाडी घ्यायच्या आधीच मागून घ्या.

पुंगळी बसवणे. आपल्याकडे बुलेटची पुंगळी काढतात ना, तीच ही, इथे बॅफल किंवा डीबी किलर म्हणतात. सायलेन्सरच्या तोंडात बसणारी निमुळती नळी, एका बोल्टवर नाहीतर सर्क्लिपवर अडकवलेली. साधारण ३ ते ६ डेसिबल खाली आणते. पण तो बोल्ट व्हायब्रेशनने ढिला होऊन पडतो आणि मग पुंगळी गोळीसारखी बाहेर येते, मागच्या रायडरच्या दिशेने. बोल्टच्या डोक्याला भोक पाडून सेफ्टी वायरने आवळून टाका. नुसतं लॉकटाईट (बोल्टचा गोंद) लावून सोडू नका, उष्णतेने ते सुटतं.

सांधे तपासणे. हेडरला, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या पाईपला, सायलेन्सर जोडतात तिथलं पॅकिंग फुटलेलं असेल तर तिथून फटफट आवाज येतो आणि आकडा वाढतो. गाडी थंड असताना सुरू करून सांध्याजवळ हात न लावता नुसता धरून बघा, हवा लागते का. काळ्या काजळीचे पट्टे दिसले तरी समजा. पॅकिंगची किंमत चहा-सँडविचएवढी.

लोकर बदलणे. हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण बहुतेक जण विसरतात ते हेच. बाहेरच्या बऱ्याचशा सायलेन्सरमध्ये आत भोकाभोकांची नळी असते आणि तिच्याभोवती काचलोकर भरलेली. ती आवाज शोषते. ट्रॅकवर सतत तापून ती जळते, चुरा होऊन भोकांतून उडून जाते, आणि दोन-तीन सीझननंतर डबा रिकामा. मी माझा उघडला तेव्हा आत लोकर म्हणण्यासारखं फक्त शेवटच्या टोकाला एक काळं, तेलकट, बिब्ब्यासारखं कडक गोळं उरलं होतं, बाकी सगळं गायब. म्हणजे मी एक पत्र्याचा डबा वाजवत फिरत होतो.

करायचं असं: शेवटच्या झाकणाच्या रिव्हेट ड्रिलने काढायच्या, रिव्हेटच्याच मापाचा बिट घ्या, भोक मोठं होऊ देऊ नका. झाकण रबरी हातोडीने हळू हळू फिरवत ठोकून सैल करायचं. आतली नळी ओढून काढायची, तारेच्या ब्रशने भोकं मोकळी करायची, चोंदलेली असली तर नवी लोकर घालून काही उपयोग होत नाही. नवीन लोकर शीट नळीभोवती सारखी गुंडाळायची आणि मास्किंग टेपने बांधायची, टेप पहिल्या वीस मिनिटांत जळून जाते, घाबरू नका, थोडा धूर येतो. लोकर खचाखच कोंबू नका आणि ढिली पण ठेवू नका, डबा नळीवर सरकवताना हाताला जोर लागला पाहिजे पण लोकर गोळा होऊन मागे सरकता कामा नये. मग स्टेनलेस स्टीलच्या नव्या रिव्हेट. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा, हे सगळं हवंच, काचेचे कण कातडीत घुसले की दोन दिवस खाजत बसाल.

माझ्या गाडीचे आकडे देतो: १०७.४ होतं, फक्त लोकर बदलल्यावर १०५.६, त्यावर पुंगळी बसवल्यावर १०१.३. म्हणजे १०५ च्या दिवसाला मोकळा, ९८ च्या दिवसाला अजूनही मूळ सायलेन्सर लावावा लागतो.

काय करू नये ते पण सांगतो. तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबणारा एक जण मी पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात त्या आवारात) पाहिलाय, ती पेटते आणि ठिणग्या मागे उडतात. कोल्ड्रिंकचा कॅन ठोकून बसवणारे पण असतात. तपासणीवाले या सगळ्यांना ओळखून आहेत, वाकून आत बघतात. आणि पुंगळी बसवून पास व्हायचं, मग काढून ट्रॅकवर जायचं हा विचार मनात आला असेल तर पुढचा मुद्दा वाचा.

६. ड्राइव्ह-बाय: दिवसभर चालू असलेला दुसरा मीटर

स्टॅटिक पास झालं म्हणजे सुटलात असं नाही. ट्रॅकच्या कडेला कुठेतरी मायक्रोफोन बसवलेला असतो, जाणाऱ्या गाडीचा आवाज मोजतो. याची मर्यादा ऐकायला कमी वाटते कारण मायक्रोफोन लांब असतो, त्याची स्टॅटिकशी तुलना करू नका. जास्त झालं की काळा झेंडा आणि तुमचा नंबर, आत या. पहिल्यांदा बहुतेक ठिकाणी समज देतात, दुसऱ्यांदा सामान आवरायला सांगतात.

इथे सायलेन्सरशिवाय हवेच्या तोंडाचा आवाज पण येतो. एअरबॉक्सचं झाकण कापलेलं, फिल्टर उघडा ठेवलेला, असं जुन्या मालकाने केलेलं असेल तर उभ्या गाडीला पास होऊन धावताना नापास होता. पूर्ण थ्रॉटलला ती घरघर सायलेन्सरच्या आवाजाएवढीच लांब जाते. यामाहासारख्या गाड्यांत सायलेन्सरच्या पाईपमध्ये एक झडप असते, ती काढून टाकलेली आहे का ते पण बघा.

समज मिळाली तर उपाय साधा आहे, मायक्रोफोनच्या पट्ट्यात एक गिअर वर टाका. १२ हजारऐवजी ९ हजारावर तो पट्टा पार करा. नवख्याला यात गमवायला काही नाही.

७. कागद आणि सामान

- मोटारसायकलचा पूर्ण परवाना. नुसत्या सीबीटीवर (इथलं सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण) बहुतेक आयोजक घेत नाहीत. भारतातला परवाना असेल तर बुकिंगच्या आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या, गेटवर जाऊन विचारू नका.
- बुकिंगचा ईमेल, ज्यात आवाजाचे दोन्ही आकडे आहेत.
- एक सलग किंवा पूर्ण झिपने जोडलेला लेदर सूट, हातमोजे, बूट, चांगल्या अवस्थेतलं हेल्मेट, पाठीचं कवच.
- पुंगळी, तिचा जादा बोल्ट, सेफ्टी वायर, पक्कड, ॲलन की, सायलेन्सरचं पॅकिंग, मूळ सायलेन्सर असेल तर तोही व्हॅनमध्ये टाका.
- टेप. आरसे आणि दिवे झाकायला.
- इअरप्लग. यावर वाद नको. ताशी शंभरच्या वर हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच एवढा गोंगाट असतो की तासाभरात कान बधिर होतात. इथल्या कायद्यात कारखान्यात दिवसभराची सरासरी ८५ डेसिबल झाली की कामगाराला कानाचं संरक्षण सक्तीचं आहे, आणि आपण दिवसभर त्याच्या कितीतरी वर बसणार आहोत. फोमचे चालतात, पण पिळून बारीक करून, कान वर ओढून आत सारा, नुसते तोंडाशी चिकटवू नका.

रस्त्याचा इन्शुरन्स ट्रॅकवर सहसा चालत नाही, पॉलिसी काढून वाचा.

८. त्या दिवशी

लवकर पोचा. सही करून, परवाना दाखवून, हातात पट्टा बांधून घेतला की थेट आवाजाच्या रांगेत जा, ब्रीफिंगच्या आधी. रांगेत लवकर लागलात आणि नापास झालात तरी हातात तासभर असतो, पुंगळी बसवून परत यायला वेळ मिळतो. शेवटच्या क्षणी गेलात तर ती संधी जाते. पण पॅडॉकमध्ये ठरलेल्या वेळेआधी इंजिन सुरू करू नका, सकाळची शांतता हा पण गावाशी झालेल्या कराराचाच भाग असतो, व्हॅनमधून गाडी ढकलत उतरवा.

नापास झालात तर आवाज चढवू नका. किती आला ते विचारा, परत कधी दाखवू शकतो ते विचारा. शेजारच्या व्हॅनमधल्यांना विचारा, कोणाकडे तरी जादा बोल्ट, वायर, कधीकधी अख्खी पुंगळी सापडते. इथली ट्रॅकवरची माणसं याबाबतीत फार मोकळी आहेत, मला पहिल्या दिवशी ते विचारायचं सुचलंच नाही.

गाडी रस्त्याने चालवत घरी आणणार असाल तर लक्षात ठेवा, ज्या सायलेन्सरवर रस्त्यावर वापरासाठी नाही असं कोरलेलं आहे तो ट्रॅकचा मीटर पास झाला तरी रस्त्यावर बेकायदाच आहे. रस्त्यासाठी ई खूण किंवा बीएस एयू १९३ असा शिक्का लागतो. तो नसेल तर गाडी व्हॅनमधूनच आणा.

घरी आल्यावर एका वहीत लिहून ठेवा: तारीख, ट्रॅक, सांगितलेला आरपीएम, आलेला आकडा, लोकर कधी बदलली. माझ्या वहीत सलग चार वेळा १०१.३, १०१.५, १०२.२, १०३.१ असं चढत गेलं तेव्हाच मला कळलं की लोकर परत संपत आलीय, आणि पाचव्याच्या आधीच्या शनिवारी मी ड्रिल काढून बसलो.